मागचं रक्त

गेल्या महिन्यात वाशीच्या एका हॉटेलात आम्हा पॅथॉलॉजिस्ट मंडळींची बैठक होती. मी लॅब विकून निवृत्त झालो त्याला बराच काळ लोटला, तरी बोलावणं येतं आणि मी जातो. घरी बसवत नाही हे खरं कारण. सीवूड्सच्या फ्लॅटमध्ये खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की खिडकीपर्यंत जाऊन परत यावंसं वाटतं. मग बायको म्हणते, "अहो, एका जागी बसा, नाहीतर खाली जाऊन दूध तरी आणा." दूध बहुतेक वेळा घरात असतंच.

तर ती बैठक. जेवणानंतर वाट्यांमधून आइस्क्रीम आलं आणि आमच्या टेबलावरचा एक तरुण डॉक्टर गोष्ट सांगायला लागला. हुशार मुलगा, बेलापूरला स्वतःची मोठी लॅब.

"आमच्या सिनियरकडून ऐकलंय," तो म्हणाला. "कोपरखैरण्याला एक अंधारवाले डॉक्टर होते. दिवसभर अंधारात बसून स्लाइड्स वाचायचे. आणि डोळ्यात काय, तर मोतीबिंदू! लुपसची एक पेशंट होती, कॉलेजातली मुलगी. तिचा आकडा वर चाललेला, आणि ह्या बाबाने उतरला म्हणून रिपोर्ट दिला. औषधं कमी झाली, पोरीच्या किडन्या गेल्या. सांगायचा मुद्दा काय, मशीन घ्या. डोळ्यांवर विसंबायचे दिवस गेले."

"एक डोळा मिटून बघत असतील, नेम धरल्यासारखे," कोणीतरी म्हणालं. टेबल हसलं.

"सर, कोपरखैरण्याला तुमचीच लॅब होती ना? तुम्ही पाहिलंय का ह्या अंधारवाल्यांना?"

"पाहिलंय," मी म्हणालो, आणि वाटी घेऊन दुसऱ्या टेबलाकडे गेलो. तिथे माझ्या ओळखीचं कोणी नव्हतं.

ते अंधारवाले डॉक्टर गेल्या वर्षी वारले. त्या गोष्टीतलं अंधारात बसणं खरं आहे. मोतीबिंदूही खरा आहे, पोरीच्या किडन्या गेल्या हेही. बाकीचं खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या तोंडून सुरू झालं. ते नीट सांगायचं तर आधी त्या माणसाबद्दल सांगावं लागेल, कारण त्यांचा स्वभाव माहीत नसेल तर पुढचं पटणार नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. लॅबमध्ये मला सगळे साहेब म्हणत आणि त्यांना डॉक्टर. मीही त्यांना डॉक्टरच म्हणायचो.

ते मुलाखतीला आले तेव्हा त्यांच्या एका पायात जुना तपकिरी बूट होता आणि दुसऱ्या पायात नवा काळा. मला वाटलं, घाईत गोंधळ झाला असेल. सांगावं की न सांगावं, ह्या विचारात होतो, तर तेच म्हणाले, "बघताय ना? कालच घेतलाय. आठवडाभर असेच घालणार."

"का बरं?"

"नवा चांगला आहे की वाईट, हे जुना शेजारी असल्याशिवाय कळणार कसं? दोन्ही नवे घातले तर पाय दोन दिवसांत सगळं विसरतो."

हे ते चेष्टेने म्हणत नव्हते. त्यांचं सगळं आयुष्यच तसं होतं. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने पावडर बदलली तेव्हा डॉक्टरांनी घरून जुन्या पावडरीचा चहा थर्मासमध्ये भरून आणला, दोन अर्धे कप शेजारी ठेवले आणि एकेक घोट घेऊन चहावाल्याला निकाल सांगितला. "तुझा नवा कडक आहे, पण वास गेला." चहावाला म्हणाला, "डॉक्टर, दहा जणांनी प्यायला, कोणाला समजलं पण नाही." डॉक्टर म्हणाले, "समजणार कसं? त्यांच्याकडे मागचा चहा कुठे होता?" पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी आधी एकाच डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुसरा मुद्दाम ठेवला. तुलनेला.

लॅब म्हणजे गावठाणालगतच्या इमारतीतला तळमजल्याचा गाळा. मागची खोली डॉक्टरांची. तिच्या खिडकीला काळा कागद, दाराला काळा पडदा. आत चमक दाखवणारा खास मायक्रोस्कोप. स्लाइड लावण्यापूर्वी ते दिवा मालवून बराच वेळ नुसते डोळे मिटून बसत. आत कोणी बोलायचं नाही. गाळ्याचे मालक पाटीलदादा, मूळचे इथलेच आगरी. भाडं घ्यायला आले की पडद्यातून डोकावत आणि माझ्याकडे येऊन विचारत, "साहेब, यो डाक्टर अंधारान कनाला बसतं? लाईट हाय ना!"

"त्यांचं काम अंधारातच दिसतं, दादा."

"मंग तुमचा बिल तरी कमी येवाला पायजे."

अंधारवाले हे नाव पाटीलदादांनीच पाडलं.

त्या अंधारात ते काय बघायचे, ते थोडक्यात सांगतो. लुपस ह्या आजारात शरीराची स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला केलेली हत्यारं, आपल्याच पेशींवर उलटतात. त्यातली काही थेट डीएनएला चिकटतात. ती वाढली की बऱ्याचदा मूत्रपिंडाची गाळणी बिघडायला लागते, प्रथिनं लघवीतून वाहून जातात, लघवीला साबणासारखा फेस येतो. ही प्रतिपिंडं पकडायला एक एकपेशीय जीव वापरतात. त्याच्या पोटात निव्वळ डीएनएचा एक ठिपका असतो. पेशंटच्या रक्तातली प्रतिपिंडं त्याला चिकटली, की अंधारात तो ठिपका हिरवा पेटतो. मग रक्ताचा वरचा निवळ भाग, ज्याला आम्ही सिरम म्हणतो, तो पातळ पातळ करत जायचं आणि बघायचं, कुठवर दिसतो.

"कोणाच्या घरचा दिवा किती लांबून दिसतो, एवढंच माझं काम," डॉक्टर म्हणायचे.

पण नुसत्या दिव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. काही लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरभरून असतात आणि मूत्रपिंड ठणठणीत असतं. काहींच्या रक्तात जेमतेम असतात आणि मूत्रपिंड आतून पोखरलेलं असतं. म्हणून ते एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी कधी लावत नसत. प्रत्येकाचा त्याच्या स्वतःच्याच मागच्या आकड्याशी. आणि तोही नुसता कागदावरचा आकडा नव्हे. लुपसच्या प्रत्येक पेशंटचं थोडं सिरम ते उणे तापमानाच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवत. तो पेशंट पुन्हा आला की मागचं सिरम बाहेर काढत आणि मागचं व नवं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच किटवर, एकाच हाताने शेजारी शेजारी लावत. त्या फ्रीजरला ते माहेर म्हणायचे. "अमक्याचं मागचं माहेरून आणा," अशी हाक आली की आमच्या नव्या टेक्निशियन मुली आधी गोंधळत, मग हसत.

आणि तो फेस! "लघवीला फेस येतो का?" हा प्रश्न ते कोणालाही, कुठेही विचारत. लिफ्टमध्ये. बँकेच्या रांगेत. माझ्या मुलीच्या लग्नाच्या स्वागत समारंभाला स्टेजवर चढले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या विहीणबाईंचे सुजलेले डोळे बघून त्यांना विचारलं, "लघवीला फेस येतो का हो?" फोटोग्राफरने तो क्षण टिपलाय. विहीणबाईंना काही झालेलं नव्हतं. मुलाचं लग्न म्हणून त्या रडल्या होत्या, आणि तसं त्यांनी फणकाऱ्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग काळजी नाही. रडण्याने मूत्रपिंड बिघडत नाही." पुढच्या दिवाळीपर्यंत विहीणबाई माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

तेव्हा हे लक्षात घ्या, की ते काही सदा बरोबर असलेले साधुपुरुष नव्हते. त्रासदायक होते. त्यांचे रिपोर्ट उशिरा जायचे. मागचं सिरम सापडेपर्यंत नवं लावत नसत. फोनवर मोठमोठ्या डॉक्टरांना म्हणायचे, "आकड्याला एकट्याला बोलवू नका. सोबत लघवी तपासा, कॉम्प्लिमेंट तपासा, मग बोलू." कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तातली दुसरी काही प्रथिनं, जी आजार पेटला की खाली येतात. ते डॉक्टर मग मला फोन करायचे, "तुमच्या म्हाताऱ्याला सांगा, काय तपासायचं ते आम्हाला कळतं." समोरच्याच रस्त्यावर दुसरी लॅब निघाली होती. ती त्याच दिवशी रिपोर्ट द्यायची. पेशंट तिकडे वळायला लागले होते. मला भाडं होतं, पगार होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण सांगितलं नाही तर मी का केलं ते कळणार नाही.

प्रज्ञा आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या गालांवर लाल चट्टे होते आणि बोटांचे सांधे सुजलेले. कॉलेजात होती. वडील कळंबोलीला ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून, आई घरी शिवणकाम करायची. मूळचे मराठवाड्यातले, कोपरखैरण्यात वन रूम किचनमध्ये राहायचे. तिचं रक्त डॉक्टरांच्या स्लाइडवर असं पेटलं, की ते पडद्याबाहेर आले आणि काउंटरवर तिलाच विचारलं, "फेस येतो का?" ती लाजून आईमागे गेली. आई म्हणाली, "येतो ओ. मला वाटलं, फिनाईलमुळं."

डॉक्टरांनी तिथूनच फोन करून तिला मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तुकडा काढून तपासणी झाली. मूत्रपिंडाला आजार लागला होता, पण वेळेत सापडला होता. स्टिरॉइड आणि इतर औषधं सुरू झाली. मग दर काही महिन्यांनी ती यायची. डॉक्टर आतून ओरडायचे, "प्रज्ञाचं मागचं माहेरून आणा!" आणि ती काउंटरवरून म्हणायची, "सर, मी कधी जाऊ माहेरी?" स्टिरॉइडने तिचा चेहरा गोल झाला होता. त्याचं तिला फार वाईट वाटायचं. तिच्या मैत्रिणी तिला मोदक म्हणायच्या. ती आईला सारखी विचारायची, गोळ्या कमी कधी होणार.

आकडा हळूहळू उतरत होता. मागचं आणि नवं शेजारी ठेवून उतरत होता.

डॉक्टर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर गेले, आणि त्याच दिवसांत मी मशीन घेतलं. कंपनीच्या माणसाची ऑफर चांगली होती. मशीन फुकट, किट त्यांच्याकडूनच घ्यायची. ठेवायला जागा एकच होती, जिथे फ्रीजर होता. मी फ्रीजर रिकामा करायला सांगितलं. नळ्या पिवळ्या पिशव्यांत भरल्या, कचऱ्याच्या गाडीने नेल्या. फ्रीजर भंगारवाल्याने नेला. मी तिथेच उभा होतो. मला तेव्हा हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो.

डॉक्टर सुट्टीवर असतानाच प्रज्ञाचं रक्त आलं. मशीनने तासाभरात आकडा दिला. आधीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. स्लाइडवर पातळ करत मोजलेल्या आकड्याचं माप वेगळं, मशीनच्या किटचं वेगळं. एकाच रक्ताचा आकडा एका पद्धतीत मोठा येतो, दुसरीत लहान, आणि कागदावर मात्र दोन्ही सारखेच आकडे दिसतात. हे मला माहीत होतं. कोणत्याही पॅथॉलॉजिस्टला माहीत असतं. पण मशीनबरोबर नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि त्याच्या रिपोर्टमध्ये 'मागील निकाल' नावाचा सुबक रकाना होता. प्रज्ञाचा मागचा आकडा नव्या आकड्याशेजारी छापला गेला. मागचं रक्त कचऱ्यात गेलं होतं. आणि खाली आपोआप सही उमटली, कारण अशा सगळ्या रिपोर्टवर डॉक्टरांचीच स्कॅन केलेली सही जायची.

एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून डॉक्टर परत आले. फ्रीजरच्या जागी मशीन बघून थबकले. फरशीवर फ्रीजरच्या पायांचे गंजके ठसे अजून होते. त्यांनी बुटाने त्यातल्या एका ठशावरून रेघ ओढली.

"माहेर कुठाय?"

"गरज नाही आता, डॉक्टर. हे सगळं स्वतः करतं."

"ह्याला मागचं दाखवलं होतं का?"

मी मशीनचं झाकण उघडून परत मिटलं.

ते ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं. गेलं ते गेलं. मी नव्हतो तेव्हा ज्यांचे रिपोर्ट गेले, त्या सगळ्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना आजच कळवा. मोजमाप बदललंय, मागच्या आकड्याशी ताडू नका, लघवी तपासून घ्या. प्रज्ञाला आधी. द्या, मीच करतो फोन."

"तुम्ही राहू द्या, डोळ्याला त्रास होईल," मी म्हणालो. "मी करतो फोन."

"नक्की?"

"करतो म्हटलं ना."

तो फोन मी केला नाही. विसरलो, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. विसरलो नव्हतो. फोन केला तर समोरचा डॉक्टर विचारणार, 'मग आधी का नाही सांगितलंत?' मग तो डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला सांगणार, आणि पेशंट समोरच्या लॅबमध्ये जाणार. दुपारी करू, उद्या करू. रिसीव्हर उचलून ठेवलासुद्धा.

चारच दिवसांनी प्रज्ञाची आई पेढे घेऊन आली. "साहेब, आकडा पार उतरला! मोठ्या डॉक्टरनी गोळ्या कमी केल्या. पोरगी आरशासमोरून हलंना. घ्या, तोंड गोड करा." फोन करायचीही गरज नव्हती. बाई माझ्यासमोर उभ्या होत्या. आत पडद्यामागे डॉक्टर दिवा मालवून बसले होते. मी पेढा घेतला आणि खाल्ला.

गोळ्या नुसत्या एका आकड्यावर कमी करू नयेत, लघवीची तपासणी राहायला नको होती, हेही खरं. पण लघवी तपासा असं सांगणारा जो फोन होता, तो माझ्याकडे होता.

पुढे काही महिन्यांनी प्रज्ञाची आई आली ती दोन रिपोर्ट हातात धरून. पाय सुजून, धाप लागून प्रज्ञा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झाली होती. डायलिसिस सुरू झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट बघून सांगितलं होतं, की हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नव्हते.

बाईंनी कागद काउंटरवर आपटले. "हे कोणी केलं? मला फकस्त नाव सांगा."

लॅबमध्ये पेशंट होते. सगळे बघत होते. मी म्हणालो, "सही डॉक्टरांची आहे."

डॉक्टर पडद्याबाहेर आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एका स्वच्छ आणि एका धुरकट डोळ्याने. तेव्हाही दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. मला वाटलं, आता सांगतील. सुट्टी, मशीन, फ्रीजर, सगळं. त्यांनी कागद उचलला, जवळ धरून बघितला.

"हो," ते म्हणाले. "सही माझी आहे. आणि फोन मी स्वतः करायला हवा होता."

कसला फोन, हे बाईंना कळलं नाही. मला कळलं. बाई त्यांना वाटेल ते बोलल्या. आंधळा म्हणाल्या, मेल्या म्हणाल्या. ते मान खाली घालून ऐकत राहिले. त्या गेल्यावर त्यांनी खोलीत जाऊन खिडकीचा काळा कागद सोलून काढला, त्याची घडी करून थर्माससोबत पिशवीत टाकला. मी म्हणालो, "डॉक्टर, थांबा, बोलू." ते म्हणाले, "काय बोलायचं? तुम्ही म्हणालात, करतो. मी विश्वास ठेवला. म्हणजे मागचं तपासल्याशिवाय मी नवं मान्य केलं. आयुष्यात एकदाच."

संध्याकाळी मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाचा फोन आला. काय झालं नेमकं? मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. आता ते सोडून गेलेत." एवढंच. पुढची गोष्ट लोकांनी रचली. स्लाइड, मोतीबिंदू, नेम धरणं. मी फक्त कधी अडवली नाही. डॉक्टर पनवेलला जाऊन राहिले. कुठे काम मिळालं नाही. मी त्यांना भेटायला गेलो नाही. ते गेल्याचं मला पाटीलदादांनी सांगितलं, "साहेब, तुमचा अंधारवाला गेला. मानूस चांगला होता, पन येरा." म्हणजे वेडा.

त्या बैठकीनंतर मला घरात राहवेना. सकाळी मॉलच्या भोवती फेऱ्या मारायचो, दुपारी पुन्हा. एका दुपारी रिक्षा केली आणि कोपरखैरण्याला गेलो. घर तेच होतं. दार प्रज्ञाच्या आईने उघडलं. केस पांढरे झालेले. मला ओळखलं नाही. प्रज्ञाने ओळखलं. आता तिशीची बाई, चष्मा, तोंडाला मास्क. आईचं मूत्रपिंड तिला बसवलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. आई चालताना भिंतीला धरते, हे ठाऊक नव्हतं.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फ्रीजर, मशीन, फोन, पेढा, सही, आणि डॉक्टर गेल्या वर्षी गेले तेही.

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "पेढा खाल्ला तुमी. माझ्याच हातचा."

"हो."

"आन् त्या माणसाला मी आंधळा म्हणले." त्यांनी प्रज्ञाकडे पाहिलं. "तो दवाखान्यात आलता गं. तू आत मशीनला होतीस. बाहेर बाकड्यावर येऊन बसला. मी त्याला तिथून बी हाकलला. तरी जाता जाता विचारतोय, 'ताई, तुम्हाला फेस येत नाही ना?' म्हणलं, मुडद्या, पोरगी खाल्लीस, आता माझ्यावर नजर हाय का?" त्या थांबल्या. "मला किडनी देता येती का, ते बघत व्हता की काय?"

हे मला माहीत नव्हतं.

"तुमी आज सांगून मोकळे झाला," बाई म्हणाल्या. "मी कुणाला सांगू? तो तर गेला."

"मम्मी, बस कर," प्रज्ञा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, तेच अवघड होतं. "मला त्यांचा राग करायची सवय झालीये, काका. इतकी वर्षं. आता अचानक कोणाचा करू, तुमचा? बसा तुम्ही. ते कसे होते सांगा मला. मला फक्त पडद्याआडून आवाज आठवतो. माहेरून आणा, माहेरून आणा."

मग मी बसलो आणि सांगितलं. बुटांचं, चहाचं, पाटीलदादांच्या लाईटबिलाचं. वर लिहिलंय ते सगळं. विहीणबाईंचं सांगताना बाईंना एकदम हसू फुटलं. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "बाई गं. लग्नात? स्टेजवर?"

मी उठलो. म्हणालो, "बैठकीत ज्याने ती गोष्ट सांगितली, त्या डॉक्टरलाही खरं काय ते सांगणार आहे. आज-उद्या फोन करतो त्याला."

प्रज्ञाच्या आई दारात उभ्या राहिल्या. मला बाहेर जायला वाट राहिली नाही.

"करतो म्हणू नका," त्या म्हणाल्या. "हितं बसा आन् करा."

मी पुन्हा बसलो. चष्मा सापडेना, प्रज्ञाने माझ्याच शर्टाच्या खिशातून काढून दिला. नंबर लावला. बराच वेळ घंटा वाजली. उचलणार नाही असं वाटलं, आणि खरं सांगतो, अजूनही मला तसंच हवं होतं.

"बोला सर," तो तरुण डॉक्टर म्हणाला. "काय म्हणता?"

बाईंनी बोट दाखवलं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि दोघींच्या मध्ये स्टुलावर ठेवला.